लिओनार्दो दा विंची व त्याचे प्रभुभोजनाचे चित्र

प्रभु येशू आपल्या बारा शिष्यांसह लांब मेजाशी बसला आहे, असे एक चित्र आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी छापील रूपात पाहिले असेल. मूळ चित्र इटली देशातील मिलान शहरी एका मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे. ते काढणारा कोण होता व त्याने त्यात काय दाखविले, हे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

लिओनार्दो याचा जन्म १५ एप्रिल १४५२ रोजी विंची या गावी झाला. बाप दस्तऐवज करून देणारा प्रतिष्ठित गृहस्थ होता. आई कातेरीना साध्या स्थितीतील होती. त्या दोघांचा परस्परांशी विवाह झालेला नव्हता. अशा मुलास त्या काळी बापाच्या धंद्यात शिरकाव नसे, आणि विद्वानांची लॅटिन भाषाही त्यास लहानपणी रीतसर शिकविली गेली नाही. बापाने त्यास फ्लॉरेन्स शहरी वेरोक्किओ नामक कलावंताच्या हाताखाली ठेविले. तेथे त्याचा हात तयार झाला. पाण्याचा ओघ, पक्ष्यांचे उडणे, मनुष्याच्या शरीराची रचना, या सर्वांचे त्याने बारकाईने निरीक्षण केले. परंतु त्याच्या ठायी एक मोठा दोष होता. तो पुष्कळ कामे आरंभी व थोडीच शेवटास नेई. ज्ञानी लोक बाळ येशूस नमन करीत आहेत, असे चित्र काढण्याचे काम एका मठाने १४८१ साली त्यास दिले. ते अर्धवट टाकून तो मिलानास निघून गेला.

तेथील अधिपती लुदोविको स्फोर्झा याच्या पदरी असता, १४९५ च्या सुमारास, त्याने प्रभुभोजनाचे चित्र हाती घेतले व १४९८ च्या सुमारास पुरे केले. त्याची उंची सुमारे १५ फूट व लांबी सुमारे २९ फूट आहे. मात्तेओ बांदेल्लो नावाच्या लेखकाने हे काम बालपणी पाहिले होते. तो लिहितो की, कधी लिओनार्दो सूर्योदयापासून अंधार पडेपर्यंत अन्नपाणी विसरून रंग लावी, तर कधी कित्येक दिवस कुंचल्यास न शिवता नुसता चित्राकडे पाहत उभा राही.

आपणांपैकी एक जण आपणास धरून देईल, असे प्रभूने सांगितले तो क्षण या चित्रात आहे. शिष्य तिघातिघांच्या चार गटांत हादरून गेले आहेत. अंद्रियाने दोन्ही हात वर केले आहेत. फिलिप छातीशी हात नेऊन, तो मी तर नव्हे ना, असे विचारीत आहेसा दिसतो. मध्ये प्रभु एकटाच शांत आहे. त्याच्या मस्तकाभोवती तेजोवलय नाही. मागील खिडकीचा उजेड तेवढा आहे. खोलीच्या सर्व रेषा त्याच्या मस्तकापाशी येऊन मिळतात.

मग यहूदा कोठे आहे? पूर्वीचे चित्रकार बहुधा त्यास मेजाच्या अलीकडल्या बाजूस एकटा बसवीत, म्हणजे पाहणाऱ्यास तो तत्काळ ओळखू येई. लिओनार्दोने त्यास पेत्र व योहान यांच्या गटातच बसविले आहे. हातात थैली आवळून तो मागे सरला आहे व त्याच्या तोंडावर छाया पडली आहे. त्यास शोधावयाचे तर एकेका शिष्याचा चेहरा निरखावा लागतो.

या चित्राविषयी एक गोष्ट उपदेशांतून पुष्कळदा सांगितली जाते. ती अशी की, ज्या सात्त्विक तरुणास पाहून चित्रकाराने ख्रिस्ताचे मुख काढिले, तोच पुष्कळ वर्षांनी पापाने भ्रष्ट झालेला आढळला व त्यासच पाहून यहूदा काढिला. या गोष्टीस काही आधार नाही. सगळे चित्रच तीनचार वर्षांत झाले. मग मध्ये पुष्कळ वर्षे कोठून येणार? सत्याचा उपदेश करणाऱ्यास कल्पित कथेचा टेकू कशाला हवा? आमच्या उपदेशक बंधूंनी ती सांगण्याचे सोडावे, अशी आमची विनंती आहे.

भिंतीवरील चित्र टिकावे म्हणून चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग भरण्याची रीत होती. तीत हात झपाट्याने चालवावा लागे. लिओनार्दोस वारंवार सुधारणा करावयाची असे, म्हणून त्याने कोरड्या गिलाव्यावर रंग दिला. तो रंग त्याच्या हयातीतच सुटू लागला. २ मे १५१९ रोजी फ्रान्स देशात तो मरण पावला. पुढे १६५२ साली भिंतीत दार पाडताना चित्रातील प्रभूचे पाय गेले. १७९६ नंतर फ्रेंच शिपायांनी त्या भोजनगृहाचा तबेला केला. १९४३ च्या ऑगस्टात बाँब पडून छप्पर व एक भिंत कोसळली. परंतु वाळूच्या पोत्यांच्या आडोशाने चित्राची भिंत उभी राहिली. शेवटी १९७८ पासून १९९९ पर्यंत पिनिन ब्रांबिल्ला बार्चिलोन या बाईच्या देखरेखीखाली नंतरच्या लोकांनी चढविलेले रंग कणाकणाने काढण्यात आले. तेव्हा लिओनार्दोच्या हातचे उरले होते ते थोडेच.

ते थोडेही पुरेसे आहे. चित्र पूजेसाठी नाही, विचारासाठी आहे. दुसऱ्याच्या घरातील यहूदा शोधणे आपणांस सोपे वाटते. परंतु येथे तो सर्वांबरोबर एकाच मेजाशी, प्रभूच्या अगदी जवळ बसला आहे. पुढल्या वेळी मंडळीत प्रभुभोजनास बसताना शेजाऱ्याचे तोंड न पाहता, त्या शिष्यांनी जो प्रश्न प्रभूस विचारला तोच आपण प्रत्येकाने आपल्या मनास विचारावा.