कोल्हापूर प्रकरण आणि आगरकरांचा उत्क्रांतिवाद

सन १८८२ च्या एप्रिल महिन्यात इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विनचे निधन झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ जुलै रोजी, मुंबईच्या उच्च न्यायालयाने पुण्याच्या दोन तरुण संपादकांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा सुनावली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. मात्र त्या दोघा संपादकांपैकी एक, गोपाळ गणेश आगरकर, पुढे उत्क्रांतीचा विचार मराठी समाजाच्या थेट घरात घेऊन गेला. त्याच्या सार्वजनिक आयुष्यातील पहिली मोठी परीक्षा कोल्हापूरच्या निमित्ताने झाली.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडसर ठरवून त्यांचा छळ चालविला जात आहे, अशी त्या काळी सर्वत्र चर्चा होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कठोर टीका केली. तिला आधार म्हणून काही पत्रे हाती आली होती. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. जोतीराव फुले यांच्या पुढाकाराने रामशेठ उरवणे यांनी या दोघांसाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला होता. टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. तेथे आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर केले आणि सुटकेनंतर तुरुंगातील दिवसांची हकीकतही लिहिली. हेतू कितीही प्रामाणिक असला, तरी खोट्या पुराव्यावर उभे राहिलेले म्हणणे टिकत नाही, हे या प्रकरणात दिसून आले. पुरावा हाच पुढे आगरकरांच्या सर्व लेखनाचा कणा झाला.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरात दारिद्र्य होते. कराड, रत्नागिरी आणि अकोला अशी वणवण करीत, मिळेल ते काम पत्करून त्यांनी शिक्षण पुढे रेटले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना अंगातील एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालावा लागे. एम.ए.नंतर मोठ्या पगाराची नोकरी करणार नाही, असे त्यांनी आईला पत्राने कळविले होते. त्याप्रमाणे ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाले.

त्यांच्या विद्यार्थिदशेत युरोपात एक मोठा वाद धुमसत होता. विल्यम पेली या धर्मोपदेशकाने १८०२ मध्ये घड्याळाचा दाखला देऊन युक्तिवाद केला होता. घड्याळाची गुंतागुंतीची रचना पाहिली की ते घडविणारा कारागीर मानावा लागतो. तद्वत डोळ्यासारखा अवयव पाहिला की सृष्टीचा कर्ता मानावा लागतो. डार्विनने १८५९ मध्ये दाखविले की, पिढ्यान्‌पिढ्यांतील लहानसहान फरकांतून, परिस्थितीशी जुळणारे टिकतात या न्यायाने, अशी रचना कारागिरावाचूनही घडू शकते. हर्बर्ट स्पेन्सरने हाच विकासक्रम समाज, नीती आणि धर्म यांना लावला. आगरकरांवर मुख्य प्रभाव पडला तो स्पेन्सरचा आणि मिलचा.

महाराष्ट्रात हा वाद जीवसृष्टीपुरता राहणे शक्यच नव्हते. जातिभेद, बालविवाह, विधवांचे केशवपन या रूढी ईश्वरनिर्मित आहेत, अशी सनातन्यांची धारणा होती. सृष्टीला कर्ता आहे म्हणून समाजाची घडीही त्यानेच घातली, असा तो पेलीचाच युक्तिवाद होता. आगरकरांनी नेमका तेथे घाव घातला. रूढी कोणी आकाशातून पाठविलेल्या नाहीत. त्या विशिष्ट काळी, विशिष्ट गरजांतून आणि पुष्कळदा अज्ञानातून वाढल्या. म्हणून गरज सरताच त्या बदलता येतात, अशी त्यांची मांडणी होती. ‘देवतोत्पत्ती’ या निबंधात तर त्यांनी देवकल्पनेचाच उगम मानवी इतिहासात शोधला.

मतभेद वाढल्यावर १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. न्यायमूर्ती रानडे आणि प्रार्थना समाजाचे सुधारक ईश्वरनिष्ठेच्या पायावर सुधारणा उभारू पाहत होते. आगरकर अज्ञेयवादी होते. ईश्वराच्या अस्तित्वाचा निकाल बुद्धीला लावता येत नसेल, तर नीतीचा पाया माणसाच्या सुखदुःखातच शोधावा, असे त्यांचे मत होते. याची किंमत त्यांना चुकवावी लागली. पुण्यात सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली.

आगरकर जीवशास्त्रज्ञ नव्हते. स्पेन्सरकडून आलेली, समाज सतत उन्नतीकडेच जातो ही कल्पना आजचा उत्क्रांतिशास्त्रज्ञ मान्य करणार नाही. नैसर्गिक निवडीला ठरलेले उद्दिष्ट नसते. परंतु स्पेन्सरचे सारेच त्यांनी स्वीकारले नाही. समाजव्यवहारात सरकारने ढवळाढवळ करू नये, हे स्पेन्सरचे आग्रही मत होते. आगरकरांनी मात्र १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला पाठिंबा दिला. काळाच्या ओघात आपोआप होईल त्या बदलाची वाट पाहत बसण्याइतका वेळ बालवधूंजवळ नव्हता.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दमा त्यांना आयुष्यभर छळत होता. यशोदाबाईंच्या धार्मिक आचारांना त्यांनी घरात आडकाठी केली नाही, असे सांगतात. मतपरिवर्तन सक्तीने होत नाही, हा त्यांचा विश्वास होता. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी त्यासाठी लागणारे पैसे पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवले होते.

पेलीचे घड्याळ अजून थांबलेले नाही. अमेरिकेत त्याला ‘इंटेलिजंट डिझाइन’ असे नवे नाव मिळाले. हे विज्ञान नसून धार्मिक मत आहे, असा निर्णय पेनसिल्व्हेनियातील न्यायालयाने २००५ मध्ये दिला. भारतात २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी निषेध नोंदविला. शाळकरी मुलाने काय जाणावे, हा प्रश्न आगरकरांसाठी जीवनाचाच प्रश्न होता. टेंभूचा तो निर्धन मुलगा मोठा पगार नाकारून शिक्षक झाला, तो मुलांनी ऐकले ते मानण्यापूर्वी त्याचा पुरावा विचारावा म्हणून.