साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (२४ डिसेंबर, इ.स. १८९९ - ११ जून, इ.स. १९५०) हे मराठी लेखक, शिक्षक, स्वातंत्र्यसैनिक आणि युवकांचे मार्गदर्शक होते. ‘श्यामची आई’ या पुस्तकामुळे त्यांची हळव्या मनाचा लेखक अशी प्रतिमा रूढ झाली आहे. त्यांच्यातील खंबीर संघटक मात्र त्या प्रतिमेआड काहीसा झाकला गेला.

== बालपण व शिक्षण ==
गुरुजींचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड येथे झाला. सदाशिवराव व यशोदाबाई हे त्यांचे आईवडील. घराणे खोताचे असले तरी त्यांच्या बालपणी घरची स्थिती खालावली होती. पालगड, दापोली, औंध व पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. ते शिक्षणासाठी दूर असताना १९१७ साली आईचे निधन झाले. ही सल त्यांच्या मनात कायम राहिली.

== अमळनेरचे छात्रालय ==
१९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत (पुढचे प्रताप हायस्कूल) शिक्षक झाले. वर्गातील अध्यापनापेक्षा छात्रालयातील त्यांचे काम अधिक महत्त्वाचे मानावे लागेल. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, सामान नीट लावून ठेवीत, आजारी मुलांचे कपडे धूत. शिक्षा न करता स्वतःच्या कृतीतून वळण लावण्याची ही रीत होती. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले.

== स्वातंत्र्यलढा व युवक संघटन ==
१९३० साली नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर दिलेली प्रवचने गुरुजींनी लिहून घेतली, म्हणूनच ती आज उपलब्ध आहेत. ‘श्यामची आई’ ही त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ‘पत्री’ या संग्रहातील देशभक्तीपर कवितांमुळे इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त केल्या.

सुटकेनंतर त्यांनी खानदेशातील शेतकरी व अमळनेरच्या गिरणी कामगारांची बाजू घेतली. त्यासाठी १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले. १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. या संघटनेतील मुलामुलींना गुरुजी घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखे वाटत. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत राहिले. १९४३ साली मुंबईत त्यांना अटक झाली.

== पंढरपूरचा सत्याग्रह ==
पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजाला बंद होते. भागवत धर्माच्या माहेरघरीच ही बंदी असावी हे गुरुजींना असह्य झाले आणि त्यांनी उपोषणाचा निर्धार जाहीर केला. मात्र सेनापती बापट यांच्या आग्रहामुळे उपोषण लांबणीवर टाकून आधी महाराष्ट्रभर दौरा करण्यात आला. सेवा दलाच्या कलापथकातील तरुण या दौऱ्यात गाणी म्हणत, गुरुजी सभांतून बोलत. या दौऱ्यात अनेक गावांची मंदिरे व पाणवठे खुले झाले. उपोषणाची चर्चा अधिक होते. पण त्यामागे तरुणांनी केलेली ही लोकजागृती होती, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. सनातन्यांचा विरोध अपेक्षितच होता. पण गांधीजींनीही तारेने उपोषण थांबवण्यास सांगितले. ज्यांना ते आदर्श मानत, त्यांचाच शब्द मोडण्याची वेळ आली. तरीही गुरुजी निश्चयापासून ढळले नाहीत. ग. वा. मावळंकर यांनी मध्यस्थी केली, बडव्यांनी संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

== अखेरची वर्षे ==
गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. तरुणांनी एकमेकांच्या प्रांतांच्या भाषा शिकाव्यात, यासाठी त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली, ती संस्थारूपाने त्यांच्या हयातीत साकार झाली नाही. देशातील वातावरणाने ते खिन्न झाले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघर येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारक असून तेथे मुलांची व युवकांची शिबिरे भरतात.