हकीम इब्न सिना यांचा शेवटचा रमजान

केशोरीची मिरची अर्जुनी मोरगाव तालुक्याबाहेरही नावाजलेली. इफ्तारीला ती भज्यांतून रिकाम्या पोटात गेली की आग पडते आणि अल्सरचा ठपकाही तिच्यावरच येतो. खरे तर अल्सरमागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक असतो. पोटातली जखम औषधानेही होते, आणि हे एका थोर हकिमाला स्वतःच्या देहावर भोगावे लागले.

इब्न सिना यांचा जन्म 980 साली बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावी झाला. दहाव्या वर्षी कुरआन मुखोद्गत. अठरा वर्षांचे होण्याआधीच समानी अमीर नूह बिन मन्सूर यांच्या उपचारासाठी त्यांना बोलावणे आले. तिथे त्यांनी मागितली ती शाही ग्रंथालयात वाचण्याची परवानगी. पुढे हमदानच्या शम्स उद्दौला यांचा कुलंज, म्हणजे आतड्यातला तीव्र पोटशूळ, त्यांनी चाळीस दिवस राबून बरा केला आणि वजिरी मिळाली. दिवसा दरबार, रात्री लेखन. ‘अल्-कानून’ याच धामधुमीत वाढला. वाफेवर गुलाबतेल काढण्याचा शोधही लोक त्यांच्या नावावर टाकतात. त्याला भक्कम पुरावा नाही.

मग तोच कुलंज त्यांना जडला. तेव्हा ते अला उद्दौला यांच्या पदरी होते. फौज माघार घेत होती, मागे राहण्याची सोय नव्हती. घाईने बरे व्हायचे म्हणून त्यांनी एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली आणि आतडे सोलवटले. झटके येऊ लागले. वायू मोडण्यासाठी त्यांनी बस्तीत दोन दांग करफसचे बी घालायला सांगितले. हाताखालच्या वैद्याने पाच दिरहम घातले. सहा दांगांचा एक दिरहम, म्हणजे मात्रा पंधरापट! चुकून की मुद्दाम, हे त्यांचे शिष्य जुज्जानी यांनाही ठरवता आले नाही.

करफस म्हणजे सेलरी, ओव्याच्या कुळातली. तिच्या बियांतले उडनशील तेल थोडे असेल तर वायू मोडते, जास्त झाले तर झोंबते. आज संशोधक अशी वनस्पतींची तेले मेदाच्या सूक्ष्म कवचात भरतात. कवच केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतके. तेल हवेत उडून जात नाही, पोटातल्या आम्लात लवकर बिघडत नाही आणि हळूहळू सुटते. उंदरांच्या जठरावर अशा तेलांनी अल्सरपासून संरक्षण दिल्याचे दिसले आहे. माणसांसाठी ते अजून घरगुती औषध झालेले नाही. ओव्याचे तेल थेट पिऊन पाहणे म्हणजे त्या वैद्याचाच कित्ता.

नोकरांनी पैसे चोरले होते. त्यांनी औषधात जादा अफू मिसळली. तरीही इस्फहानला पोहोचून हकीम थोडे सावरले. मात्र हमदानच्या वाटेवर दुखणे पुन्हा उलटले. शरीर आता साथ देणार नाही हे ओळखून त्यांनी स्वतःवरचे उपचार थांबवले. हिजरी 428 च्या रमजानमध्ये, 1037 साली, हमदान इथे त्यांचा इंतकाल झाला. मजारही तिथेच आहे.