मॅकफर्सन कोण होते? गाडी लो करून शॉकअप निवडण्याआधी त्यांची गोष्ट वाचा

फोनवर कुठल्याही कारचं स्पेसिफिकेशनचं पान उघडा आणि सस्पेन्शनच्या ओळीपर्यंत खाली या. पुढच्या चाकांसमोर 'मॅकफर्सन स्ट्रट' असं लिहिलेलं बहुतेक वेळा सापडतंच. मारुती ८०० मध्ये ते होतं, टाटा नॅनोमध्ये होतं, मारुतीच्या सुपर कॅरी या छोट्या पिकअपमध्येही आहे. अनेकांना वाटतं की मॅकफर्सन ही पार्ट बनवणारी कंपनी असेल. पण ते एका माणसाचं आडनाव आहे.

त्यांच्याबद्दल आत्ता लिहायचं कारण म्हणजे लो केलेले पिकअप. जमिनीला टेकल्यासारखे चालणारे अमेरिकन पिकअप रील्समध्ये सारखे दिसतात आणि मग प्रश्न येतो: गाडी खाली केली तर शॉकअप कोणता घ्यायचा? मला याचं उत्तर ब्रँडच्या यादीपेक्षा मॅकफर्सन यांच्या कामात जास्त नीट सापडतं. कसं, ते बघूया.

आधी हे समजून घ्या: शॉकअप नेमकं काय करतो?

गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही. ते काम स्प्रिंगचं किंवा पाट्यांचं. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग दाबली जाते, परत उसळते, पुन्हा दाबली जाते. ही उसळी थांबवायचं काम शॉकअपचं. त्याच्या आतला पिस्टन तेलाला बारीक छिद्रांतून जायला लावतो आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. उसळी थांबली नाही तर चाक क्षणभर रस्ता सोडतं. त्या क्षणी ब्रेक दाबा किंवा स्टिअरिंग फिरवा, उपयोग शून्य. म्हणजे शॉकअप हा आरामापेक्षा सुरक्षिततेचा पार्ट आहे.

शिकागोजवळचा मुलगा, डेट्रॉइटचा इंजिनिअर

अर्ल स्टील मॅकफर्सन यांचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या हायलँड पार्कचा. इलिनॉय विद्यापीठातून ते १९१५ मध्ये इंजिनिअर झाले आणि डेट्रॉइटला चाल्मर्स मोटर कंपनीत लागले. पहिल्या महायुद्धात ते युरोपात विमानांच्या इंजिनांवर काम करत होते. परत आल्यावर लिबर्टी, मग हप अशा कंपन्या झाल्या. या दोन्ही कंपन्यांची नावं आज कुणाला आठवतही नाहीत. १९३४ मध्ये ते जनरल मोटर्समध्ये गेले आणि लवकरच शेवरोलेच्या डिझाइन विभागाचे मुख्य इंजिनिअर झाले.

कॅडेट: शोरूमपर्यंत न पोचलेली गाडी

१९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. शेवरोलेला एक छोटी, हलकी आणि १,००० डॉलरच्या आत बसणारी कार काढायची होती. तिचं नाव कॅडेट. तिची जबाबदारी मॅकफर्सन यांच्याकडे आली.

आता अडचण बघा. तेव्हाच्या चांगल्या गाड्यांमध्ये पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये स्प्रिंग आणि वेगळा शॉकअप असायचा. पार्ट जास्त, वजन जास्त, खर्च जास्त. मॅकफर्सन यांनी वरचा आर्म काढूनच टाकला. शॉकअपच्या नळीला स्प्रिंग जोडून एकच उभा खांब केला. त्याचं वरचं टोक बॉडीला आणि खालचं टोक चाकाच्या हबला. यालाच स्ट्रट म्हणतात. साधारण अशीच कल्पना १९२० च्या दशकात इटलीत फियाटच्या ग्विदो फोर्नाका यांनीही मांडली होती. पण ती स्वस्त, रोजच्या गाडीत बसेल अशी करून दाखवली मॅकफर्सन यांनी. कॅडेटच्या नमुना गाड्यांमध्ये तर चारही चाकांना असे स्ट्रट होते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. साध्या गाडीत शॉकअप फक्त उसळी थांबवतो. स्ट्रटमध्ये मात्र तोच चाकाला सरळ धरून ठेवतो. ब्रेक मारताना आणि वळताना येणारा आडवा जोर त्याच्या दांड्यावर येतो. म्हणून हा दांडा जाड असतो.

१९४७ मध्ये कंपनीने हिशेब केला. एवढ्या कमी किमतीत नफा दिसेना, आणि युद्धानंतर लोक मिळेल ती मोठी गाडी घ्यायला तयार होतेच. कॅडेट बंद. पेटंटचा अर्ज त्याच वर्षी झाला होता, पण तो जनरल मोटर्सच्या नावावर. मॅकफर्सन यांनी वयाची पंचावन्न वर्षं ओलांडली होती आणि हातातलं सगळ्यात चांगलं काम कपाटात गेलं होतं.

फोर्डमध्ये दुसरा डाव

त्याच वर्षी ते थेट स्पर्धक फोर्डमध्ये गेले. १९५० मध्ये इंग्लंडच्या फोर्डने कॉन्सल आणि झेफिर या गाड्या दाखवल्या आणि मॅकफर्सन स्ट्रट पहिल्यांदा विकायच्या गाडीत आला. १९५२ मध्ये ते फोर्डच्या इंजिनिअरिंगचे उपाध्यक्ष झाले, १९५८ मध्ये निवृत्त झाले आणि १९६० च्या जानेवारीत वारले.

खरी कमाल त्यानंतर झाली. १९६९ ची फियाट १२८ आणि १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ अशा गाड्यांमध्ये इंजिन आडवं बसवून पुढची चाकं फिरवायची होती. वरचा आर्म नसल्यामुळे स्ट्रटने ती जागा मोकळी करून दिली होती. मग जगभरच्या छोट्या गाड्यांनी हीच रचना उचलली. हे बघायला मॅकफर्सन नव्हते.

आता लो पिकअपकडे

अमेरिकेत बनलेला फोक्सवॅगन रॅबिट पिकअप घ्या. तो गोल्फवरच बेतलेला, म्हणून पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे पाटे. लो करणाऱ्यांचा हा आवडता पिकअप, आणि शॉकअपचे दोन्ही प्रश्न त्यात एकत्र भेटतात.

पुढे फक्त आखूड स्प्रिंग टाकली की गाडी उभी असतानाच स्ट्रटचा दांडा आत गेलेला असतो. समजा धक्का झेलायला ३ इंच जागा होती आणि गाडी २ इंच खाली केली. उरला १ इंच. पुढच्या खड्ड्यात बंप स्टॉपचं रबर संपतं, मग पिस्टन तळाला खाडकन आपटतो आणि आतला व्हॉल्व्ह जातो. शिवाय गाडी फार खाली केली की खालच्या आर्मचा कोन उलटा होतो. मग वळणावर बॉडी कमी कलण्याऐवजी जास्त कलायला बघते.

मागे वेगळी गंमत. पाट्यांच्या खालचा ॲक्सल पाट्यांच्या वर घेतला तर ॲक्सल चेसिसच्या खूप जवळ येतो. जुना लांब शॉकअप तिथे बसतो, पण जवळजवळ पूर्ण दाबलेल्या अवस्थेत.

मग निवडायचा कसा?

१. आधी लांबी, नंतर ब्रँड. गाडी लो करून झाल्यावर वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत अंतर मोजा. चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली असतानाही मोजा.

२. बंप स्टॉप आधी टेकला पाहिजे. शॉकअपची दाबलेली लांबी, बंप स्टॉपवर पूर्ण भार आल्यावर उरणाऱ्या अंतरापेक्षा कमी हवी. चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना शॉकअप ताणून तुटायलाही नको.

३. गाडी कशाने लो केली ते बघा. स्प्रिंग न बदलता ड्रॉप स्पिंडलने केली असेल तर सहसा मूळ लांबीचाच शॉकअप चालतो.

४. स्प्रिंगला जुळणारा घ्या. कडक स्प्रिंग जोरात उसळते, म्हणून ती परत येतानाची पकडही जास्त हवी. जुना मऊ शॉकअप ठेवला तर गाडी डुलत राहते.

५. एक नळी की दोन? दोन नळ्यांचा शॉकअप स्वस्त असतो, पण सतत राबला की त्यात तेलाचा फेस होतो. एका नळीचा, नायट्रोजन भरलेला शॉकअप लवकर थंड होतो. पण गॅसची जागा त्याच नळीत असल्याने त्याला लांबी जास्त लागते, आणि लो गाडीत नेमकी तीच कमी असते.

६. स्ट्रट असेल तर अलाइनमेंट लगेच. तिथे शॉकअपच चाक धरून असतो, त्यामुळे उंची बदलली की चाकाचा कलही बदलतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. त्यामुळे गॅरेजमध्ये जाण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

मॅकफर्सन यांनी पार्ट कमी केले, पण उरलेल्या प्रत्येक पार्टला जास्त काम दिलं. म्हणून त्यातला एक बदलला की बाकीचे मोजावेच लागतात. शॉकअपचं पाकीट उघडण्याआधी मेजरिंग टेप काढा. दहा मिनिटं लागतील, पण चाक रस्त्यावर राहील.