दुर्गाबाईंची धाकटी बहीण

दुर्गाबाई भागवत म्हटल्या की ‘ऋतुचक्र’ आठवते, १९७५ सालचे कऱ्हाडचे साहित्य संमेलन आठवते. त्यांची धाकटी बहीण कमला (लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी) मात्र आपल्या घरांतून फारशी बोलली जात नाही. मला हा हिशेब कधीच पटला नाही.

जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर १९३३ साली कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. बाई थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभर प्रोबेशनवर, आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होऊ न देण्याच्या अटीवर! बँकेत मीही प्रोबेशन काढले आहे. पण ते कामाचे असते. इथे बाईपणाचेच प्रोबेशन होते. वर्षाअखेर रामन यांना त्यांचे काम पटले आणि पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवले. आमच्या नाटे गावात होडीतल्या मासळीच्या टोपल्या हातोहात काठावर येतात. पेशीतही अन्नातले इलेक्ट्रॉन असेच हातोहात पुढे जातात आणि शेवटी प्राणवायू ते उतरवून घेतो. त्या रांगेतला एक हमाल म्हणजे सायटोक्रोम सी. प्रबंध होता अवघ्या ४० पानांचा. कर्जप्रकरणांची टिपणे मी याहून लांब लिहिली आहेत. १९३९ साली मिळालेल्या या पीएच.डी.मुळे विज्ञानात ती पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात.

प्राणवायू वापरला कसा जातो ते असे कळत गेले. पण तो कमी पडल्याचे पेशीला कळते कसे? ते कोडे १९९० नंतर सुटू लागले. एचआयएफ नावाच्या प्रथिनाची एरवी पेशी लगोलग विल्हेवाट लावते. प्राणवायू घटला की ते टिकते आणि केंद्रकाच्या आवरणातल्या रंध्रांकडे निघते. तिथे मोठ्या प्रथिनांना सरसकट प्रवेश नाही. एचआयएफच्या अंगावर अमिनो आम्लांची छोटी खूण असते. इम्पोर्टिन नावाची वाहक प्रथिने ती ओळखून त्याला आत नेतात. आत ते तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्या वाढवणारी जनुके जागी करते. या शोधमालिकेला २०१९ साली नोबेल मिळाले. पेशीच्या दारावर निदान खूण पाहतात, चेहरा नाही!

कमलाबाई १९३९ सालीच मायदेशी परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ साली लग्न झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था. तिथले संचालकपद त्यांना उशिराने मिळाले. मला मात्र त्यांचे नीरेवरचे काम अधिक मोलाचे वाटते. तिच्यातल्या क जीवनसत्त्वाचा आणि लोहाचा कुपोषित आदिवासी मुलांना फायदा होतो, हे त्यांनी तपासून सिद्ध केले. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या. अन्नभेसळीवर लिहीत राहिल्या. १९९८ साली त्या गेल्या.

कोकणात आजही नीरा उजाडायच्या आत प्यावी लागते. उन्हे वर आली की तिची माडी होते.