बोलताना अडखळणारा डॉक्टर

स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराच्या कडेला क्रेगलॉकहार्ट नावाची भलीमोठी दगडी इमारत आहे. पूर्वी तिथे जलोपचाराचे हॉटेल चाले. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, ब्रिटिश लष्कराने तिथे आपल्या अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय सुरू केले. इथल्या बहुतेक रुग्णांच्या अंगावर जखम दिसत नसे. दिवसा ते गोल्फ खेळत, स्वतःचे मासिकही काढत. रात्र झाली की मात्र खोल्याखोल्यांतून ओरडण्याचे आवाज येत. झोपेत पुन्हा खंदक दिसेल या धास्तीने काही जण जागेच राहत. या तरुणांचे म्हणणे रोज ऐकून घेणारे पन्नाशी ओलांडलेले, चष्मा लावणारे एक डॉक्टर तिथे होते. त्यांचे नाव विल्यम रिव्हर्स.

रिव्हर्स यांचा जन्म १८६४ चा, इंग्लंडच्या केंट परगण्यातला. वडील धर्मोपदेशक होते आणि तोतरेपणावर उपचारही करत. ‘ॲलिस’च्या गोष्टी लिहिणारे लुईस कॅरल यांनाही बोलताना अडखळण्याचा त्रास होता, आणि त्यांचे या घराशी येणे-जाणे होते. पण वडिलांच्या विद्येचा मुलाला पुरता गुण आला नाही. रिव्हर्स आयुष्यभर अडखळत बोलले. पुढे ज्यांना बोलते करायचे होते, त्यांची अडचण या डॉक्टरला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

युद्धाआधीच त्यांचे नाव झाले होते, तेही एकापेक्षा अधिक शास्त्रांत. लंडनमध्ये वैद्यकीय पदवी, मग केंब्रिजमध्ये मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेची उभारणी, १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर मोहीम. १९०१-०२ मध्ये ते भारतात निलगिरीत आले आणि तोडा लोकांमध्ये राहून त्यांच्या चालीरीती, नातेसंबंध आणि म्हशींभोवती गुंफलेले त्यांचे धर्मजीवन त्यांनी नोंदवले. ‘द तोडाज’ हा त्यांचा १९०६ चा ग्रंथ मानववंशशास्त्रात आजही संदर्भासाठी काढला जातो. अनोळखी माणसासमोर बसायचे, घाई करायची नाही आणि तो त्याच्या पद्धतीने जे सांगेल ते ऐकायचे, ही सवय त्यांना या भटकंतीत लागली असावी.

याच काळातला एक प्रयोग आज वाचतानाही अंगावर काटा आणतो. हेन्री हेड या त्यांच्या मित्राने स्वतःच्या हातातील मज्जातंतू शस्त्रक्रियेने कापून घेतले. मग चार-एक वर्षे रिव्हर्स त्या हातावर टोचून, गरम-गार लावून संवेदना कशी परत येते याच्या नोंदी करत राहिले. तुटलेला तंतू परत जुळतो, पण त्याच्या वेगाने.

युद्ध सुरू झाले आणि आघाडीवरून विचित्र रुग्ण येऊ लागले. कुणाची वाचा गेलेली, कुणाचे पाय लुळे, कुणाचे हात सतत थरथरणारे. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, असा आधी समज झाला आणि ‘शेल शॉक’ हे नाव रूढ झाले. पण जवळपास गोळा न फुटलेलेही आजारी पडत होते. मग शंका येई ती भित्रेपणाची. त्या युद्धात पलायन, भेकडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश लष्कराने आपल्याच तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली ती २००६ मध्ये. लंडनच्या एका रुग्णालयात वाचा गेलेल्यांच्या घशाला विजेचे झटके देऊन आवाज परत आणला जाई. आवाज यायचाही. पण त्या माणसाच्या मनात काय होते, हे तसेच राही.

रिव्हर्स यांच्या मते आजाराचे मूळ भीतीत नव्हते, ती दडपण्यात होते. अशा संकटात भीती वाटणे स्वाभाविक. पण अधिकाऱ्याने ती कुणालाही, विशेषतः हाताखालच्यांना, दिसू द्यायची नाही असे शिक्षण त्याला शाळेपासून मिळालेले. रुग्णालयात आल्यावर नातेवाईक आणि डॉक्टरही सांगत, विसरून जा, मन दुसरीकडे रमव. हा सल्ला आपल्याकडेही घरोघरी मिळतो. दिवसभर जे मनाबाहेर लोटले, ते रात्री दुप्पट जोराने परत येते, हे रिव्हर्स यांनी रुग्णामागून रुग्ण पाहिले. डिसेंबर १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे त्यांनी हे मांडले.

त्यात एका अधिकाऱ्याची हकीकत आहे. शोधायला गेलेल्या मित्राचे छिन्नविच्छिन्न शरीर त्याला सापडले होते. तेव्हापासून तो मित्र त्याच अवस्थेत स्वप्नात येई. रिव्हर्स यांनी त्याला ती आठवण टाळू दिली नाही, पण तिच्याकडे पाहण्याची एक बाजू दाखवली. शरीराची अशी दशा झाली, याचाच अर्थ मृत्यू क्षणात आला, मित्राला वेदना भोगाव्या लागल्या नाहीत. काही रात्री स्वप्न पडले नाही. मग एकदा पडले, तेव्हा तो मित्राजवळ बसला होता. जाग आली ती दुःखाने, धास्तीने नव्हे. शोकाला वाट मिळाली होती.

सगळेच इतके सरळ नव्हते. दुसरा एक अधिकारी स्फोटाने फेकला जाऊन एका कुजलेल्या प्रेतावर तोंडघशी पडला होता. या आठवणीत आधार घ्यावा असे रिव्हर्स यांना काहीच सापडेना. त्यांनी तसे स्पष्ट लिहिले आणि त्याला लष्कर सोडून खेड्यात शांतपणे राहायचा सल्ला दिला. बोलल्याने सगळे बरे होते, असा दावा त्यांनी केला नाही. उलट सतत तेच उगाळत बसण्याचेही तोटे सांगितले.

जुलै १९१७ मध्ये कवी सिगफ्रीड ससून तिथे दाखल झाले. शौर्यपदक मिळवलेल्या या अधिकाऱ्याने युद्ध विनाकारण लांबवले जात असल्याचे जाहीर पत्रक काढले होते. खटला टाळण्यासाठी त्यांना मनोरुग्ण ठरवण्यात आले. रिव्हर्स यांना त्यांच्यात आजार असा दिसला नाही. ससून यांना पुन्हा कर्तव्यावर जाण्यास राजी करणे मात्र या लष्करी डॉक्टरचे काम होते. दोघांच्या दीर्घ गप्पा होत. त्यांतून उपचार करणाराच अस्वस्थ झाला. आपला रुग्णच बरोबर असेल तर अंगावरच्या गणवेशाचे काय, हा झगडा रिव्हर्स यांच्या स्वप्नातही उतरला, आणि स्वतःच्या त्या स्वप्नाचे विश्लेषण त्यांनी पुढे लिहून ठेवले. माणसे बरी करायची, ती पुन्हा त्याच खंदकात पाठवण्यासाठी. या पेचातून त्यांची सुटका झाली नाही. नोव्हेंबरमध्ये वैद्यकीय मंडळाने ससून यांना सेवेस योग्य ठरवले. पुढच्या जुलैत फ्रान्समध्ये आपल्याच सैनिकाची गोळी चुकून ससून यांच्या डोक्याला लागली. ते वाचले. लंडनच्या इस्पितळात त्यांना भेटायला रिव्हर्स गेले.

तोवर रिव्हर्स लंडनमध्ये वैमानिकांवर उपचार करत होते. बलूनमध्ये टांगून शत्रूवर नजर ठेवणाऱ्यांची मने विमान चालवणाऱ्यांपेक्षा अधिक खचतात, असे त्यांना आढळले. वैमानिकाच्या हातात निदान काही करण्यासारखे असते. बलूनमधला नुसता वाट पाहत बसतो.

युद्धानंतर ते केंब्रिजला परतले. पूर्वीचे अबोल, आपल्यात राहणारे रिव्हर्स आता विद्यार्थ्यांत रमू लागले. १९२२ मध्ये मजूर पक्षातर्फे संसदेची निवडणूक लढवायलाही ते तयार झाले. जूनमध्ये एका रात्री हर्नियामुळे आतडे अडकून त्यांच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. कॉलेजातील खोलीत ते एकटे होते. मदत मिळाली ती सकाळी. शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नाही. ४ जूनला, वयाच्या ५८ व्या वर्षी, ते गेले.

ससून यांनी पुढे युद्धकाळावर कादंबरीरूपात आत्मचरित्र लिहिले. त्यात त्यांनी स्वतःचेसुद्धा नाव बदलले. डॉक्टर रिव्हर्स यांचे मात्र खरे नावच ठेवले.