विश्लेषण : गांजाला पाश्चात्त्य औषधशास्त्रात नेणारे डॉ. ओशॉनेसी कोण होते? त्यांचा प्रश्न आजही का सुटलेला नाही?

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पिकांच्या आड लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटून नष्ट केली, ही बातमी धुळे जिल्ह्याला नवी नाही. साक्री-पिंपळनेरपर्यंत ती मोबाइलवर वाचली जाते. त्याच मोबाइलवर दुसरे संदेशही येतात. गांजाच्या तेलाने कर्करोग बरा होतो, अमुक देशाने गांजा खुला केला, आपल्याकडेच बंदी का, असे त्यांत विचारलेले असते. एकीकडे गुन्हा आणि दुसरीकडे रामबाण औषध, अशा या दोन टोकांमध्ये घरात अपस्माराचे मूल किंवा कर्करोगाचा रुग्ण असलेल्या कुटुंबाची ओढाताण होते. हा वाद समजून घ्यायचा तर सुमारे १८५ वर्षांपूर्वी कोलकात्यात गांजाची शास्त्रीय तपासणी करणाऱ्या एका आयरिश डॉक्टरचे आयुष्य पाहावे लागते.

कोण होते ओशॉनेसी?

विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांचा जन्म १८०९ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. त्यांनी स्कॉटलंडमधील एडिनबरा विद्यापीठातून १८२९ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली. वैद्यकापेक्षाही त्यांचा ओढा रसायनशास्त्राकडे होता. १८३१ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये पटकी म्हणजे कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा ते सुंदरलँड येथे गेले आणि त्यांनी रुग्णांच्या रक्ताची तपासणी केली. रक्तातील पाणी आणि क्षार कमी झालेले त्यांना आढळले. गेलेले क्षार आणि पाणी शिरेतून परत द्यावे, असे त्यांनी सुचवले. तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी थॉमस लॅटा या स्कॉटिश डॉक्टरने हा उपाय प्रत्यक्ष रुग्णांवर केला. आज तालुक्याच्या रुग्णालयातही लावल्या जाणाऱ्या सलाइनचे मूळ इथे आहे.

एवढे करूनही लंडनमध्ये त्यांना वैद्यकीय व्यवसायात जम बसवता आला नाही. अखेर १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत सहायक शल्यचिकित्सक म्हणून ते बंगालमध्ये आले.

गांजाकडे त्यांचे लक्ष का गेले?

१८३५ मध्ये कोलकाता मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि ओशॉनेसी तेथे रसायनशास्त्र व औषधीद्रव्यांचे प्राध्यापक झाले. विलायतेहून येणारी औषधे महाग होती, शिवाय समुद्रप्रवासात अनेकदा खराब होत. त्यामुळे इथल्याच वनस्पतींतून काय मिळते हे पाहणे कंपनीच्या सोयीचे होते. ओशॉनेसी यांना त्यात शास्त्रीय रसही होता.

भांग, गांजा आणि चरस बाजारात मिळत होते. वैद्य आणि हकीम त्यांचा औषधात वापर करीत. ओशॉनेसी यांनी ही माहिती अडाणी समजूत म्हणून बाजूला टाकली नाही. कॉलेजमधील पंडित मधुसूदन गुप्त यांच्यासारख्या जाणकारांकडून संस्कृत ग्रंथांतील उल्लेख त्यांनी समजून घेतले, फारसी व अरबी वैद्यकातील नोंदी मिळवल्या. मात्र ग्रंथात आहे म्हणून ते खरेच आहे, असेही त्यांनी धरले नाही.

प्रयोग कसे झाले?

त्यांनी आधी प्राण्यांना हे द्रव्य दिले. कुत्री, मांजरे, मासे, पक्षी, शेळ्या, गुरे अशा वेगवेगळ्या जीवांवर काय परिणाम होतो, हे पाहिले. मांस खाणाऱ्या प्राण्यांवर नशा चढे, तर चारा खाणाऱ्यांवर बरीच मात्रा देऊनही फारसा परिणाम दिसत नसे, अशी नोंद त्यांनी केली. प्राणी दगावत नाहीत याची खात्री झाल्यावरच ते रुग्णांकडे वळले.

नोव्हेंबर १८३८ मध्ये संधिवाताच्या तीन रुग्णांना त्यांनी गांजाच्या राळेची प्रत्येकी एक ग्रेन, म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम मात्रा दिली. त्यातील एका रुग्णाची अवस्था पाहून सारेच चक्रावले. त्याचा हात वर करून ठेवला की तो तसाच राहत असे. दुसरा भरभरून बोलू लागला. काही तासांनी दोघेही पूर्ववत झाले. यातून ओशॉनेसी यांनी घेतलेला धडा सरळ होता. आपण ठरवलेली मात्रा जास्त आहे, ती कमी केली पाहिजे. पुढच्या रुग्णांना त्यांनी कमी मात्रा दिली.

त्यानंतर धनुर्वात, पटकी, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा जलसंत्रास आणि तान्ह्या मुलांचे झटके या आजारांत त्यांनी गांजाचा अर्क वापरला. धनुर्वातात स्नायूंचा ताठरपणा कमी झाला आणि काही रुग्ण वाचले. साधारण चाळीस दिवसांच्या एका बाळाचे झटके अर्काच्या थेंबांनी आटोक्यात आले.

अपयशाबद्दल त्यांनी काय नोंदवले?

ओशॉनेसी यांचे मोठेपण इथे दिसते. जलसंत्रासाच्या रुग्णाला गांजाने आराम मिळाला, पाण्याची भीती कमी होऊन तो थोडे खाऊ-पिऊ शकला. पण तो वाचला नाही. ओशॉनेसी यांनी तो मृत्यू लपवला नाही आणि औषधाचा विजय म्हणूनही मांडला नाही. यातना कमी होणे वेगळे आणि रोग बरा होणे वेगळे, हा फरक त्यांनी स्पष्ट ठेवला. सतत गांजा घेणाऱ्यांना होणाऱ्या भ्रमाचे वर्णनही त्यांनी त्याच निबंधात केले. १८३९ मध्ये हा निबंध कोलकात्यात प्रसिद्ध झाला.

आजच्या नियमांप्रमाणे हे प्रयोग मान्य झाले नसते. रुग्ण थोडे होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि रुग्णांच्या संमतीची आजच्यासारखी पद्धतच नव्हती. तरीही मात्रा मोजून देणे, परिणाम लिहून ठेवणे आणि फसलेले प्रयोगही सांगणे, हे त्यांनी केले.

गांजा लंडनला कसा पोहोचला?

१८४० च्या दशकाच्या सुरुवातीला ओशॉनेसी इंग्लंडला परतले, तेव्हा सोबत त्यांनी गांजा नेला होता. लंडनमधील औषधनिर्माते पीटर स्क्वायर यांनी त्यापासून अर्क तयार केला. १८४३ मध्ये ओशॉनेसी रॉयल सोसायटीचे फेलो झाले. गांजाचा अर्क युरोप-अमेरिकेतील औषध दुकानांत दिसू लागला आणि १८५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीत त्याचा समावेश झाला. व्हिक्टोरिया राणीच्या वैद्यांपैकी एक असलेले जॉन रसेल रेनॉल्ड्स यांनी अनेक वर्षे तो रुग्णांना दिला आणि १८९० मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. राणी स्वतः गांजा घेत असे, ही इंटरनेटवरील आवडती कथा मात्र पुराव्याने सिद्ध झालेली नाही.

गांजा सोडून ते तारांकडे का वळले?

ओशॉनेसी यांनी १८३९ मध्येच कोलकात्याजवळ विजेच्या तारेने संदेश पाठवण्याचा प्रयोगही केला होता. पुढे भारतात परतल्यावर लॉर्ड डलहौसी यांनी त्यांच्यावर तारयंत्राचे काम सोपवले. कोलकाता-डायमंड हार्बर मार्गावर सुरुवात झाली. मार्च १८५४ मध्ये कोलकाता-आग्रा तार सुरू झाली आणि १८५५ पर्यंत मुंबई, मद्रास व पेशावरही जोडले गेले. अवघ्या काही वर्षांत सुमारे चार हजार मैलांचे जाळे उभे राहिले. या कामासाठी १८५६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १८५७ च्या उठावात हेच तारयंत्र कंपनी सरकारच्या मोठ्या उपयोगी पडले.

१८६० च्या सुमारास त्यांनी भारत कायमचा सोडला. नंतर नाव बदलून ते विल्यम ओशॉनेसी ब्रुक झाले. जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडमधील साउथसी येथे त्यांचे निधन झाले. गांजावरील संशोधनाकडे ते पुन्हा फारसे वळले नाहीत.

औषधपेटीतून गांजा बाहेर कसा गेला?

गांजा केवळ कायद्याने संपवला, असे अनेकदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. बंदीच्या आधीच डॉक्टर त्याच्यापासून दूर जाऊ लागले होते. एका बाटलीतील अर्क जोरदार असे, तर दुसऱ्या बाटलीतील जवळपास निकामी. गांजा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे सुई आल्यावर मॉर्फिन टोचता येऊ लागले, गांजा नाही. १८९९ मध्ये अ‍ॅस्पिरिन बाजारात आले. ठरलेल्या मात्रेचे आणि हमखास परिणामाचे औषध मिळाल्यावर बेभरवशाचा अर्क मागे पडला.

दरम्यान ब्रिटिश संसदेत गांजाच्या दुष्परिणामांवर प्रश्न आला आणि १८९३ मध्ये भारतीय हेम्प ड्रग्ज आयोग नेमला गेला. आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे घेतले. खानदेशाच्या शेजारी, तेव्हाच्या मध्य प्रांतातील खांडवा भागात सरकारी परवान्याने गांजाची शेती होत असे. तिचाही आयोगाने विचार केला. मनोरुग्णालयांच्या नोंदींत वेडाचे कारण म्हणून अनेकदा नीट चौकशी न करताच गांजा लिहिला जातो, असे आयोगाला आढळले. मर्यादित वापराने सहसा हानी होत नाही, अतिसेवनाने होते, म्हणून सरसकट बंदीऐवजी कर आणि नियंत्रण असावे, असा निष्कर्ष १८९४ मध्ये आला.

तरीही पुढे जागतिक प्रवाह बंदीचा राहिला. १९२५ च्या जिनिव्हा करारात गांजा आला, अमेरिकेने १९३७ मध्ये कडक कर कायदा केला आणि १९४२ मध्ये तो तेथील औषधसूचीतून गेला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्र करारात त्याला सर्वांत कडक यादीतही टाकले गेले. मात्र वैद्यकीय आणि शास्त्रीय वापराची वाट त्या कराराने बंद केली नव्हती.

आज जगात वाद कशावर आहे?

१९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येखिएल गाओनी यांनी गांजातील नशा आणणारा टीएचसी हा घटक वेगळा केला. त्यामुळे मात्रा मोजणे शक्य झाले. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये वैद्यकीय वापराला परवानगी दिली. कॅनडा, जर्मनी, ब्रिटन, थायलंड अशा देशांनी पुढे वेगवेगळ्या अटींवर हा मार्ग धरला. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला त्या सर्वांत कडक यादीतून काढले. भारताने बदलाच्या बाजूने मत दिले. गांजा यामुळे जगभर कायदेशीर झाला नाही. त्याचा औषधी उपयोग असू शकतो, एवढे मान्य झाले.

पुरावा सर्व आजारांत सारखा नाही. नशा न आणणाऱ्या सीबीडी या घटकाचे शुद्ध औषध मुलांच्या काही दुर्मीळ व तीव्र अपस्मारांत उपयोगी ठरले आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. केमोथेरपीनंतरची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंचा ताठरपणा यांतही काही औषधे मान्य आहेत. जुनाट वेदनांबाबत मतभेद आहेत. गांजाने माणसाचा कर्करोग बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही. किशोरवयातील सेवन आणि मानसिक आजार यांचा संबंध ही विरोधकांची खरी चिंता आहे, तर असह्य वेदनेतील रुग्णाला कायद्यापायी ताटकळत ठेवावे का, हा समर्थकांचा खरा सवाल आहे.

भारतात, महाराष्ट्रात नियम काय?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार गांजा आणि चरस विनापरवाना बाळगणे, विकणे किंवा पिकवणे गुन्हा आहे. एक किलोपर्यंतचा गांजा ही अल्प मात्रा, तर २० किलोपेक्षा जास्त गांजा ही व्यापारी मात्रा समजली जाते. व्यापारी मात्रेसाठी किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. लागवडीसाठी १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घरच्या उपचारासाठी दोन झाडे लावली, हा बचाव कायद्यात नाही.

शेंड्याविना असलेली पाने आणि बिया या व्याख्येत येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांग परवान्याने विकली जाते. महाराष्ट्रात मात्र भांगेवरही दारूबंदी कायद्याचे बंधन आहे. वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांसाठी परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे. उत्तराखंडने धाग्यासाठी, कमी नशेच्या भांगेच्या लागवडीला परवानगी दिली आहे. आयुर्वेदात विजया या नावाने भांगेची औषधे आहेत, पण ती विषारी द्रव्यांच्या यादीत असल्याने वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

रुग्णाच्या कुटुंबाने काय लक्षात घ्यावे?

मोबाइलवरून मागवलेल्या तेलात कोणता घटक किती आहे, हे बाटलीवरून कळेलच असे नाही. एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरांना ज्या बेभरवशाच्या अर्काने हैराण केले, तीच अडचण इथेही आहे. त्याच्या भरवशावर अपस्माराच्या गोळ्या अचानक बंद केल्या, तर जिवावर बेतणारे झटके येऊ शकतात. कर्करोगाच्या उपचारात वाया गेलेले महिने परत मिळत नाहीत. असे काही सुरू केले असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. वेदना असह्य असतील, तर वेदनाशमन उपचारांबाबत धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा तज्ज्ञांकडे विचारणा करावी. मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कायदेशीरपणे मिळू शकतात.

ओशॉनेसी यांच्या तीन कामांपैकी सलाइन जगभर रुजले. तारसेवा भारतात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. गांजाचे काम अजून चालूच आहे. कोणत्या आजारात, कोणता घटक, किती मात्रेत आणि किती काळ, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर प्रत्येक आजारासाठी वेगळे शोधावे लागणार आहे आणि ते सरसकट बंदीतून किंवा सरसकट मुभेतून मिळणारे नाही.